पाला मारलेली बाग आणि महाशिवरात्रीपर्यंत लपवलेली कात्री

ग्वाल्हेरच्या मराठी घरात ‘पाला’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं, आणि हिंदीत पाला म्हणजे रात्री गोठून बसणारं दव. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी गच्चीवर गेलं की दोन्ही अर्थ एकदम समोर येतात. रात्री पाला पडलेला असतो, म्हणून पाला काळा पडलेला असतो. पुण्याच्या नणंदेला हे फोनवर समजावताना माझी दरवेळी तारांबळ उडते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी मागचं अंगण आणि गच्ची मिळून साठेक झाडं आहेत आणि त्यातली निम्मी तरी इथल्या हवेची नव्हेत. कढीपत्ता, जास्वंद, अनंत, सोनचाफा, अळू, केळ, नागवेल. सासूबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे ही सगळी माहेरची माणसं. कोकणात थंडी म्हणजे पहाटे पायावर ओढायची एक चादर. इथे चार-पाच अंशांच्या रात्री दरवर्षी येतात, एखाद्या वर्षी पारा त्याहूनही खाली घसरतो.

लग्न होऊन आले त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात मी एक पराक्रम केला. पाला पडला, कढीपत्ता काळवंडला, आणि मी दुसऱ्याच दिवशी कात्री घेऊन त्याचं सगळं काळं काढून टाकलं. झाड कसं स्वच्छ दिसायला लागलं! आठ-दहा दिवस ऊन पडलं, कापलेल्या जागी पोपटी डोळे फुटले, आणि संक्रांतीनंतर पुन्हा पाला आला. या वेळी वर झाकायला जुनी पानंही नव्हती. झाड बुंध्यापर्यंत गेलं. तेव्हापासून जानेवारी लागला की सासूबाई कात्री पितळी डब्यांच्या मागे ठेवून देतात. खाली जे लिहिते आहे ते बरंचसं ती कात्री लपवण्याबद्दलच आहे.

आधी नेमकं काय झालं ते बघा

पाला ढगाळ रात्री पडत नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की जमीन आणि पानं दिवसभरात साठवलेली ऊब सरळ आकाशात सोडून देतात. आपल्याकडे हे बहुतेक वेळा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची लाट, पुढे सरकल्यावर घडतं. एक-दोन दिवस ढग, थोडा पाऊस, मग आकाश लख्ख मोकळं, वायव्येकडून गार वारा, आणि ज्या रात्री तो वारा थांबतो ती रात्र घातकी. दाट धुक्याची रात्र माणसाला जास्त बोचते, पण झाडाला त्या मानाने बरी, कारण धुकं जमिनीची ऊब धरून ठेवतं.

पेपरातल्या आकड्यावर विसंबू नका. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. निरभ्र रात्री गवताच्या पातीवर त्याहून तीन-चार अंश कमी असतं. म्हणजे पेपरात ४ छापून आलं तरी तुमच्या अळूच्या पानावर शून्य असू शकतं. गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने खाली जाऊन साचते. त्यामुळे अंगणाच्या खोलगट कोपऱ्यातलं झाड जातं आणि चार पायऱ्या वरचं तेच झाड वाचतं.

पानाचं दोन प्रकारे नुकसान होतं आणि उपाय करताना हा फरक कळायला हवा. पहिलं, नुसती थंडी लागणं. मनीप्लांट, नागवेल, क्रोटन अशांना बर्फ व्हायचीही गरज नसते. दहा अंशांच्या खाली काही रात्री काढल्या की पानं पिवळी पडतात, डाग पडतात, गळतात. अशी झाडं उबेत नेली की बहुधा सावरतात. दुसरं, खरं गोठणं. पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ होतो, तो पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतो, पेशींचं आवरण फाटतं, आणि बर्फ वितळला की सगळा रस बाहेर. असं पान उकडलेल्या पालकासारखं दिसतं, गडद हिरवं आणि लोंबलेलं. दोन दिवसांत ते काळं होतं. ते पान परत येत नाही. पण पान मेलं म्हणजे फांदी मेली असं नाही, आणि फांदी मेली म्हणजे मूळ मेलं असं तर मुळीच नाही.

पहिली सकाळ

पानांवर पांढरी साय दिसली तर हात लावू नका. गोठलेलं पान काचेसारखं असतं, झटकलं की तुटतं. गरम पाणी ओतण्याचा मोह तर अजिबात नको. आमच्या शेजारी एकांनी तुळशीला वाचवायला अंघोळीचं ऊन पाणी घातलं होतं. जे खोड कदाचित वाचलं असतं तेही गेलं.

या सकाळी मुख्य काम एकच, वितळणं सावकाश होऊ देणं. पूर्वेच्या कठड्यावरच्या कुंड्यांचं जास्त नुकसान होतं ते यामुळेच. रात्रभर गोठलेल्या पानावर साडेसातचं ऊन थेट पडतं आणि पेशींना सावरायला वेळच मिळत नाही. उचलता येतील त्या कुंड्या व्हरांड्यात, भिंतीच्या सावलीत न्या. जमिनीतल्या झाडाच्या पूर्वेला खुर्चीवर जुनी चादर टाकून आडोसा करा. दहा-अकरापर्यंत एवढं पुरतं. स्वयंपाकघरात किंवा हीटरच्या खोलीत मात्र कुंडी नेऊ नका, तो झटका उन्हापेक्षा वाईट.

मग अकराच्या सुमारास माती बघा. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर बेताने पाणी घाला, ओलं लागलं तर नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं. बोअरचं ताजं पाणी त्या मानाने कोमट येतं, ते वापरा.

मग काहीच न करण्याचे पाच-सहा आठवडे

हेच सगळ्यांत अवघड. काळी, लटकलेली पानं रोज डोळ्यांत खुपतात. त्यात संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, येणारी प्रत्येक बाई अंगणाकडे बघून ‘अगंबाई, हे काय झालं’ म्हणते. म्हणू द्या. मेलेली पानं हीच आता झाडाची गोधडी आहे. पुढच्या पाल्यात आधी ती भाजतील, आतले डोळे वाचतील. शिवाय कुठपर्यंत फांदी गेली हे लगेच कळतही नाही. आज हिरवी दिसणारी काडी पंधरा दिवसांनी वाळलेली निघते.

या काळात पाणी कमी करा. पानं नसलेलं झाड पाणी उडवत नाही आणि गार मातीत मुळं ते ओढतही नाहीत. पाल्यातून वाचलेली झाडं नंतर लाडाने मरतात, जास्त पाण्याने मुळं कुजून. जमिनीतल्या झाडाला आठ-दहा दिवसांनी, कुंडीला बोटाने पाहून.

खत बंद. युरिया तर हातातही धरू नका. ‘ताकत के लिए एक मुट्ठी डाल दो, भाभीजी,’ असं सांगणारा प्रत्येक गल्लीत भेटतो. नत्राने कोवळी, पाणीदार फूट येते आणि तीच पुढच्या रात्री आधी जळते.

लगेच कापायची झाडं

थांबण्याच्या नियमाला अपवाद आहे तो मऊ, रसाळ देठांच्या झाडांचा. अळू, कर्दळ, मनीप्लांट, अबोलीचे कोवळे शेंडे हे काळे होऊन लिबलिबीत झाले की त्यात बुरशी शिरते आणि सडवा खाली उतरतो. घट्ट भाग लागेपर्यंत लगेच कापा. अळूचा वरचा सगळा पसारा काढून टाका. कंद मातीत सुरक्षित असतो, वर चार बोटं वाळलेला पालापाचोळा पसरा. उन्हं वाढली की तो आपोआप वर येईल आणि श्रावणात वड्यांना पानं मिळतील. मनीप्लांटचे घट्ट राहिलेले तुकडे, निदान दोन-दोन पेरांचे, पाण्याच्या बाटलीत घालून घरात ठेवा.

हळदीची पानं या दिवसांत वाळली तर तो पाला नव्हे, तिची वेळच झालेली असते. कंद काढा आणि लोणचं घाला.

केळीचं जरा निराळं आहे. पानं तपकिरी कागदासारखी होऊन खोडाभोवती लोंबतात. ती तशीच राहू द्या, खोडाला तेवढीच ऊब. फेब्रुवारीच्या शेवटी खोड दाबून पाहा. घट्ट असेल तर मधून नवी सुरळी येईल. मऊ असेल, आंबूस वास येत असेल तर वरून वीतभर-वीतभर काप घेत खाली या. कापात मधोमध पांढराशुभ्र गाभा दिसला की थांबा. तपकिरीच येत राहिलं तर जमिनीलगत कापून टाका आणि बाजूच्या मुनव्यांपैकी, म्हणजे बुंध्यालगत फुटलेल्या पिलांपैकी, तलवारीसारख्या अरुंद पानांचा एक जोमदार ठेवा. रुंद पानांचे मुनवे दिसायला गोंडस, पण कमजोर असतात.

पपईबद्दल माझं मत फारसं दयाळू नाही. शेंडा मऊ पडला असेल तर निरोगी भागापर्यंत तिरकं कापा, पोकळ खोडात पाणी साचू नये म्हणून वर मडक्याचं झाकण किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि वाट बघा; खालून फुटवे येतात. पण झाड दोन वर्षांचं होऊन गेलं असेल तर मार्चमध्ये नवं रोप लावणं शहाणपणाचं. फळं पाणचट होऊन सडायच्या आत कच्चीच उतरवून त्यांची भाजी, कोशिंबीर करून टाका.

नखाची परीक्षा

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव, शिव’ करत निघून जाते असं आपल्याकडे म्हणतात. ग्वाल्हेरात ते बऱ्यापैकी खरं ठरतं, म्हणून कात्री बाहेर काढायचा माझा मुहूर्त तोच. फेब्रुवारीतच महाशिवरात्र लवकर आली तर आठ-दहा दिवस आणखी थांबते. पंचांगापेक्षा झाडाकडे बघा. खालचे डोळे टपोरे झाले की वेळ झाली.

आता फांदीच्या टोकापासून सुरुवात करा. अंगठ्याच्या नखाने साल अगदी हलकी खरवडा, तांदळाच्या दाण्याएवढीच. आत ओला हिरवा रंग दिसला तर जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर दोन बोटं खाली सरकून पुन्हा. कढीपत्त्यावर हे करताना एक जास्तीची खूण मिळते: जिवंत जागी नख लावलं की तो ओळखीचा वास येतो, मेलेल्या काडीला वास नसतो. गेल्या वर्षी आमच्या झाडाच्या सहा फांद्यांपैकी चार अशा मुक्या निघाल्या, पण बुंध्याशी, मातीच्या जरा वर, नख हिरवं झालं. एप्रिलमध्ये मुळापासून तीन फुटवे आले, त्यातला एक मूळ झाडापासून हातभर लांब, फरशीच्या सांधीतून.

चाफ्याची आणि अॅडेनियमची नखाने परीक्षा करू नका, चीक वाहत राहतो. अंगठ्याने दाबा. टणक म्हणजे ठीक. दबलं, आत पोकळ वाटलं तर तो भाग गेला. हिवाळ्यात चाफ्याची पानं तशीही झडतात, त्यामुळे नुसता बोडका दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. टोकं काळी आणि सुरकुतलेली असतील तरच पांढरं खोड लागेपर्यंत कापा.

छाटणी

कात्रीला धार हवी. पातं स्पिरिटने पुसा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा. कापायचं ते जिवंत भागात, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरकं. मेलेल्या भागात खुंट सोडला तर तोच पुढे खाली कुजत जातो. एकाच दिवशी सगळं उरकू नका. निश्चित मेलेलं पहिल्या खेपेला, शंकास्पद पंधरा दिवसांनी.

जास्वंद बेधडक कापा, ती जमिनीपासून फूटभरावरूनही उभी राहते आणि मे-जूनपर्यंत फुलं देते. मोगऱ्याला तर ही छाटणी हवीच असते, पाला पडो न पडो. बोगनवेलीची पानं जळतात, वेल मरत नाही. अनंत आणि सोनचाफ्यावर मात्र हात राखून, ते जुन्या लाकडातून फुटायला फार वेळ घेतात.

कलमाचं झाड असेल, आंबा किंवा गुलाब, तर कलमाच्या गाठीकडे लक्ष द्या. गाठीच्या वरून फूट आली तर आनंद. फक्त खालून आली तर ते झाड हिरवंगार होईल, पण तुमचा हापूस नव्हे, खालचा रायवळ. गाठीच्या वर जिवंत भाग असेल तोवर खालची फूट खुडत राहा.

अंगठ्याहून जाड जखमेला बोर्डो पेस्ट लावा. घरी करणं सोपं आहे: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत किंवा मातीच्या भांड्यांत. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून पाण्यात टांगला की नीट विरघळतो. चुना भिजताना उकळ्या फुटतात, तेव्हा पोरांना लांब ठेवा आणि तोंड वर धरा. दोन्ही गार झाल्यावर एकत्र ओता आणि ढवळा, आकाशी रंगाची दाट पेज होते. मग एक स्वच्छ लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांब्यासारखी लाली चढली तर मोरचूद जास्त झालाय, थोडा चुना घाला. खिळा जसाच्या तसा निघाला की जुन्या ब्रशने जखमेवर लावा. त्याच दिवशी संपवायचं, उरवायचं नाही. कढीपत्ता, तुळस यांना मी हे लावत नाही. तिथे हळद आणि खोबरेल तेल लावून समाधान मानते. त्याचा उपयोग किती ते झाडच जाणे.

तुळस

तिचं वेगळं लिहायलाच हवं, कारण घरात तीच एकटी अशी की जिच्या जाण्याने सासूबाई जेवत नाहीत. तुळस पाल्यापुढे टिकत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मंजिऱ्या वाळल्या की त्या खुडून कागदाच्या पुडीत ठेवा. हाच खरा विमा. शेंडे काळे झाले तर नखाने बघत खाली या. अर्धं खोड जिवंत असेल तर मार्चमध्ये छाटा, फुटते. बुंध्याशीही तपकिरी असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. मार्चच्या सुरुवातीला मंजिऱ्या हातावर चोळून बी मातीवर भुरभुरवा, वर चिमूटभरच माती. खोल पुरलेलं बी उगवत नाही.

खत आणि मग ऊन

नवी फूट दोन-तीन इंचांची झाली की मगच खाऊ द्या. कुंडीला दोन मुठी गांडूळखत, अर्धी मूठ निंबोळी पेंड, माती हलकीशी खुरपून. जमिनीतल्या झाडाला घमेलंभर कुजलेलं शेणखत, बुंध्यापासून फूटभर लांब. तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढंच.

इथे बरेच लोक गाफील राहतात. पानं गेलेल्या झाडाची साल पहिल्यांदाच उघडी पडलेली असते आणि ग्वाल्हेरचा मार्च संपता संपता ऊन भाजायला लागतं. पश्चिमेच्या बाजूची साल तडकते. आंबा, लिंबू, सोनचाफ्याच्या खोडाला पातळ चुना फासा. एप्रिलपासून नव्या फुटीवर हिरवी जाळी बांधा, कारण मेमध्ये लूचे उष्ण वारे आणि पंचेचाळीसचा पारा त्याच कोवळ्या पानांवर येणार आहे. थंडीतून वाचवलेली निम्मी झाडं मी सुरुवातीला उन्हाळ्यात घालवली.

पुढच्या पाल्याआधी

दिवाळीनंतर नत्र आणि छाटणी दोन्ही बंद. लक्षण दिसलं, म्हणजे पावसानंतर आकाश मोकळं आणि संध्याकाळी वारा पडलेला, की दुपारीच मातीला पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते. कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी खेटून ठेवा. मग झाकण. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीला तोड नाही: आमच्या पाच फुटी कढीपत्त्याला तीन बांबूंवरून दोन वेढे बसतात आणि पदर जमिनीपर्यंत पोचतो. जमिनीपर्यंत पोचणं महत्त्वाचं, कारण ऊब मातीतूनच यायची आहे. छत्रीसारखं वरच्या वर बांधलेलं फडकं शोभेचं. प्लॅस्टिक पानाला टेकलं तर नेमकं तिथेच पान जळतं. आणि सकाळी ऊन आलं की झाकण काढायचं, नाहीतर आत झाड शिजतं.

धूर करण्याचा आणि सौम्य गंधकाम्लाच्या फवाऱ्याचा सल्ला शेतांसाठी ठीक. गंधकाम्ल घरच्या बागेत आणूच नये.

किती वाट बघायची?

कढीपत्ता, जास्वंद एप्रिलपर्यंत. चाफा मेपर्यंत. सोनचाफा आणि अनंत यांना पहिला पाऊस लागू द्या, जूनअखेरपर्यंत. बुंध्याशी हिरवं असेल तर नक्कीच. तोवर कुंडीला आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी. मी अशा कुंडीवर खडूने ‘जिवंत आहे’ असं लिहून ठेवते, नाहीतर घरातलं कुणीतरी तिला रिकामी समजून तीत कोथिंबीर पेरतं.